डिलिव्हरीवाल्यांनी जिन्याने यावे

गरम पाण्याची पिशवी मागवणं हा काही क्रांतिकारक उद्योग नव्हे. माझी कंबर धरली होती, घरातली जुनी पिशवी गळत होती आणि "दुकानापर्यंत चालत जा, तेवढीच कंबर मोकळी होईल" असा सल्ला बायकोने दिला होता. तो टाळण्यासाठी मी फोनवरच्या अ‍ॅपवर बोट ठेवलं. एवढाच माझा या प्रकरणातला मूळ सहभाग. पुढे जे झालं त्याला मीच जबाबदार आहे असं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात. पण गच्चीवरची टाकी ओसंडून वाहिली तरी ते तसंच म्हणतात, तेव्हा ते सोडून देऊ.

ऑर्डर दिली की फोनवरच्या नकाशात एक इवलीशी स्कूटर सरकू लागते. ती बघत बसण्याचा मला नाद आहे. रिकामटेकड्या माणसाला आपल्यासाठी कुणीतरी धावतंय हे बघण्यात जे सुख असतं ते मी घेत होतो. स्कूटर चौकातून वळली, आमच्या फाटकाशी आली आणि तिथेच खिळली. घंटा काही वाजेना. मग संदेश आला: "तुमची ऑर्डर किंचित रेंगाळली आहे. आमचे पार्टनर तुमच्यासाठी जिवाचं रान करत आहेत."

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "कुणी आहे का वर?"

फोन तिथेच टाकून मी खाली उतरलो. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक बाई बसली होती. चाळिशीची, अंगात ढगळ हिरवं जॅकेट, त्यावर 'हसत हसत, थेट दारात' असं छापलेलं. पाठीवरची चौकोनी बॅग अजून तशीच होती, त्यामुळे तिला धड मागे टेकताही येत नव्हतं. जिना नुकताच फिनेलने पुसलेला होता. उजवं पाऊल ज्या दिशेला वळलं होतं त्या दिशेला पावलं वळत नाहीत, हे मला वैद्यकीय ज्ञान नसतानाही कळलं.

आमच्या इमारतीत लिफ्ट आहे. चांगली, आरसा लावलेली लिफ्ट आहे. तिच्या शेजारी पाटी आहे: 'डिलिव्हरीवाल्यांनी जिन्याने यावे. हुकमावरून.' हुकूम कुणाचा ते लिहिलेलं नाही. त्याच पाटीवर खाली कुत्र्यांना साखळी असल्यास आणि कपाटांना पूर्वपरवानगी असल्यास लिफ्ट वापरता येईल असंही नमूद आहे.

"काका," ती म्हणाली, "आधी ओटीपी सांगा. ऑर्डर पूर्ण दाखवली नाही तर आयडी बंद करतात."

ओटीपी फोनवर, आणि फोन वर पाचव्या मजल्यावर. मी धरलेल्या कंबरेने वर गेलो, चष्मा शोधला, फोन घेतला आणि कठडा धरत खाली आलो. तोवर उशीर झाला होता. कंपनीने ऑर्डर परस्पर रद्द केली होती, मला झालेल्या मनस्तापाबद्दल एक कूपन दिलं होतं आणि बाईंच्या फोनवर लाल अक्षरं उमटली होती: 'हेतुपुरस्सर विलंब. आपले खाते थांबवण्यात आले आहे.' बाईंनी ती वाचली आणि फोन खिशात ठेवला. पाय मोडल्यावर तिने तोंड वाकडं केलं नव्हतं, ते आता केलं.

बायको बर्फ घेऊन आली. तिच्या बॅगेतली गरम पाण्याची पिशवी आयती हाताशी होती म्हणून मी ती पुढे केली.

"सुजलेल्या पायाला शेक देतात का?" बायको म्हणाली. "आणि म्हणे कामगार कल्याण अधिकारी होते."

हो, होतो. एका कारखान्यात मी कामगार कल्याण अधिकारी होतो. कामगारांना साबण वाटणं, कँटीनमधल्या चमच्यांची गळती रोखणं आणि कामगार दिसला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून "काय, बरं आहे ना?" असं विचारणं हे माझं काम. 'नाही' असं उत्तर कुणी दिल्याचं मला आठवत नाही, यावरून तिथे किती कल्याण झालं होतं ते लक्षात यावं.

बाईंना खाली कसं न्यायचं, हा पुढचा प्रश्न. वॉचमन पाटीकडे बघत उभा राहिला. सेक्रेटरींना फोन केला तर ते म्हणाले, आज एकीला नेलं तर उद्या सगळ्याच मोडलेले पाय घेऊन येतील. शेवटी बायकोने निकाल दिला, "ती आता डिलिव्हरीवाली नाही, पेशंट आहे." वॉचमनला एवढं पुरलं. लिफ्टचं दार उघडलं.

दवाखान्यात प्लास्टर घातलं. घोट्याचं हाड मोडलं होतं. बाईंच्या घरी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी, आणि घर चालायचं ते या स्कूटरवर. आधी त्या एका शिलाईच्या कारखान्यात होत्या, तो बंद पडला. कंपनीच्या जाहिरातीत 'प्रत्येक पार्टनरला विम्याचं कवच' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं. "मग करा ना फोन," मी म्हणालो.

"फोन अ‍ॅपमधूनच लागतो, काका. आणि अ‍ॅप आयडी असेल तरच उघडतं."

म्हणजे आयडी बंद झाल्याची तक्रार करायला चालू आयडी लागतो. आमच्या कारखान्यातसुद्धा इतकी सफाई नव्हती. तिथे निदान तक्रारपेटी होती. किल्ली हरवलेली होती, पण पेटी होती.

"तुम्ही काळजी करू नका," मी म्हणालो. "माझं आयुष्य यात गेलंय. चार दिवसांत मिटवतो."

"बघा, जमलं तर," बाई म्हणाल्या. लहान मुलाने काढलेलं हत्तीचं चित्र बघून आपण ज्या आवाजात "वा" म्हणतो, तोच आवाज.

सुरुवात घरबसल्या केली. अ‍ॅपमध्ये ग्राहकांसाठी एक मदतनीस असतो, जो माणूस नसतो. मी लिहिलं, "जिन्यात बाई पडली."

"अरेरे. पडलेल्या वस्तूचा फोटो पाठवा."

"वस्तू नाही. माणूस."

"क्षमस्व, ही श्रेणी उपलब्ध नाही. फुटलेले, गळलेले, शिळे, चुकीच्या रंगाचे, यांपैकी निवडा."

गळलेले निवडावं का, असा एक क्षण विचार आला. तेवढ्यात त्याने मला आणखी एक कूपन दिलं आणि संभाषण समाधानकारक झाल्याचं जाहीर केलं.

मग कंपनीच्या कार्यालयात गेलो. इमारत सगळी काचेची, म्हणजे आतलं सगळं दिसतं आणि आत जाता येत नाही. भिंतभर एका हसऱ्या रायडरचं चित्र होतं. चित्रातल्या रायडरला घाम आलेला नव्हता. बराच वेळ ताटकळल्यावर 'पार्टनर आनंद विभाग' असा बिल्ला लावलेला एक तरतरीत साहेब बाहेर आला. माझ्या पोटाएवढ्या उंचीच्या एका गुबगुबीत गोळ्यावर त्याने मला बसवलं. त्यात मी कंबरेसकट रुतलो, आणि पुढचं सगळं संभाषण मला छताकडे बघत करावं लागलं.

"तुमच्या एका कामगार बाईंचा पाय—"

"सर, आमच्याकडे कामगार नाहीत."

"मग सामान कोण पोचवतं?"

"पार्टनर."

"बरं, पार्टनर. मग त्या कधी येतात इथे, भागीदार म्हणून? नफ्याचं वगैरे बोलायला?"

तो मनापासून हसला. आनंद विभागात होता, हसणं त्याचं कामच. मग त्याने विम्याचं समजावलं. कवच आहे, नक्की आहे, पण चाक फिरत असताना. पाय जिन्यावर मोडला. जिन्यावर चाक फिरत नव्हतं.

"म्हणजे त्यांनी स्कूटर जिन्यावरून चढवायला हवी होती?"

"ते त्यांचं स्वातंत्र्य आहे, सर. आम्ही पार्टनरच्या कामात ढवळाढवळ करत नाही." आणि तो जिना सोसायटीचा असल्यामुळे मी सोसायटीला भेटावं असं सुचवून तो गेला. गोळ्यातून मला बाहेर काढायला दोन सुरक्षारक्षक लागले. ते दोघे, विचारलं तर, तिथले कामगार नव्हतेच. ठेकेदाराचे होते.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे एक करडा गृहस्थ. त्यांनी मला दारातच ऐकून घेतलं. "ती आपली नोकर आहे का? नाही. आपण तिला बोलावलं का? तुम्ही बोलावलं. पाटीवर 'यावे' लिहिलंय, 'पडावे' लिहिलेलं नाही." एवढं बोलून ते इतके खूष झाले की हेच वाक्य त्यांनी नंतर लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि एका लग्नाच्या पंगतीतही सांगितल्याचं माझ्या कानावर आलं.

बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. आमच्या मजल्यावर 'न्यायमूर्ती' राहतात. कोर्टात निकालपत्रं टाइप करण्यात त्यांची हयात गेली, त्यावरून हे नाव. त्यांनी मला बाजूला घेऊन आवाज उतरवला. "लेखी काही देऊ नका. लिहिलं की अंगाशी आलं. आणि तुम्ही तिला बर्फ लावलात ना?"

"बायकोने लावला."

"म्हणजे उपचार केलेत. उद्या पाय वाकडा जुळला की दावा तुमच्यावर. माझं ऐका, आता तिच्याकडे फिरकू नका. माणुसकी म्हणून सांगतोय."

दुसऱ्या एका शेजाऱ्यांचं मत पडलं की असल्या कामात बायकांनी पडूच नये. हे मत त्यांनी भाजीची पिशवी एका रायडरबाईंच्या हातून घेता घेता मांडलं. तिसऱ्यांनी विचारलं, "पण तुम्ही एवढं का करताय? काही नातं आहे का?" नात्याशिवाय कुणी कुणाचं काही करत असेल ही शंका आमच्या इमारतीत फार वाईट समजली जाते. त्यांनी ती बायकोकडेही बोलून दाखवली. बायको म्हणाली, "हो, आमच्यासाठी पडली ना, तेवढं नातं आहे."

राहिलं कामगार कार्यालय. तिथे मला ओळखतील अशी खात्री होती. नोकरीत असताना मी गेलो की शिपाई उठून उभा राहायचा. आताचा शिपाई उठला, पण त्याची जेवणाची सुट्टी झाली होती म्हणून. आतल्या कारकुनाने मात्र शांतपणे ऐकलं आणि शिकवणीच्या मास्तरांसारखा प्रश्न घातला, "कामगार म्हणजे कोण?"

"जो काम करतो तो."

"चूक. ज्याला मालक असतो तो. या बाईंचा मालक कोण?"

"कंपनी."

"कंपनी काय म्हणते?"

"मी मालक नाही म्हणते."

"झालं तर मग. मालक नाही म्हणजे कामगार नाही, कामगार नाही म्हणजे अपघात नाही." फाईल नसलेल्या टेबलावर त्याने फाईल बंद केल्यासारखा हात आपटला. "बाई उद्योजक आहेत. समोरच्या खोलीत जा, उद्योजकांचा कक्ष आहे."

समोरच्या खोलीत गालिचा होता. मला चहा दिला, बिस्किटं दिली. इतक्या दिवसांत कुणी पाणीही विचारलं नव्हतं, त्यामुळे मला भरून आलं. तिथल्या बाईसाहेबांनी हसतमुखाने विचारलं, "तुमच्या उद्योजक मॅडमच्या हाताखाली किती माणसं आहेत?"

"हाताखाली कुणी नाही. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये आहे."

"अच्छा. विस्तारासाठी कर्ज हवंय का?"

मी बिस्किट अर्धं टाकून उठलो. रस्त्यात माझ्या डोक्यात ती कल्पना आली. कल्पना म्हणून ती आजही मला चोख वाटते. रायडरांची मदतवाहिनी फक्त रायडरला मिळते ना? मग मीच रायडर होतो.

बायकोने ऐकलं आणि म्हणाली, "तुम्हाला स्कूटर स्टँडवर लावता येत नाही."

"लावायची नाहीच आहे. चालवायची आहे."

ज्या कंपनीच्या पायरीवर मी अर्धा दिवस तिष्ठत उभा होतो तिने मला भागीदार करून घ्यायला चहा उकळण्याइतकाही वेळ घेतला नाही. वय विचारलं नाही, कंबर विचारली नाही. लायसनचा फोटो, चेहऱ्याचा फोटो, अटींच्या लांबलचक मजकुराखाली 'मान्य'. मी लगेच मदतवाहिनीचं बटण दाबलं. उत्तर आलं: "पहिली डिलिव्हरी पूर्ण केल्यावर ही सुविधा खुली होईल. शुभेच्छा, पार्टनर."

रायडरबाईंकडून जॅकेट आणि बॅग आणली. त्यांनी पलंगावरूनच मला सूचना दिल्या. "फोन खाली ठेवू नका. गिऱ्हाइकाशी वाद घालू नका. आणि काका, हेल्मेटचा पट्टा फार आवळू नका, तो अडकतो." मी ऐकून घेतलं. आयुष्यभर सूचना दिलेल्या माणसाला सूचना ऐकण्याची सवय नसते, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

पहिली ऑर्डर वाजली. आइस्क्रीम, मोठे डबे. पत्ता बघितला. आमचीच इमारत, सहावा मजला, सेक्रेटरी.

फाटकातून स्कूटर आत आणली तेव्हा वॉचमनने हात आडवा केला. गेली कित्येक वर्षं हा माणूस मला सकाळ-संध्याकाळ सलाम करतो. मी हेल्मेटची काच वर केली.

"अरे, मी आहे."

त्याने वाकून बघितलं. "साहेब, तुम्ही? हे काय घातलंत?"

"मोठी गोष्ट आहे. लिफ्ट बोलव."

तो घोटाळला. पाटीकडे बघितलं, माझ्या जॅकेटकडे बघितलं. "साहेब, रहिवासी म्हणून आला असाल तर लिफ्ट. रायडर म्हणून आला असाल तर जिना."

"मी दोन्ही आहे."

"तसं पाटीवर नाही." मग त्याला माझी दया आली. "असं करा. तुम्ही लिफ्टने जा, बॅग जिन्याने जाऊ दे."

"बॅग एकटी कशी जाईल?"

"तेच म्हणतोय मी. कॅमेरा आहे, साहेब. सेक्रेटरी मोबाइलवर बघतात. माझी नोकरी जाईल."

मी जिन्याने निघालो. दुसऱ्या मजल्यावर कंबरेने पहिला निषेध नोंदवला. तिसऱ्यावर फोन वाजला. "ए, कुठे मेलास? नकाशात केव्हाचा खाली दिसतोयस." आवाज सेक्रेटरींचा. आमच्यात मतभेद आहेत, पण सेक्रेटरी मला नेहमी 'अहो साहेब' म्हणतात. त्या आवाजाच्या खाली असाही एक आवाज राहतो हे मला ठाऊक नव्हतं. मी पायरीवर बसलो. बॅगेतून काहीतरी थंड माझ्या पाठीवर ओघळत होतं. कंबरेला बरं वाटलं, हे मात्र मान्य करायला हवं.

वर पोचेपर्यंत मी एक भाषण तयार केलं होतं. दार उघडलं की हेल्मेट काढायचं, आणि सेक्रेटरींचा चेहरा बघत शांत आवाजात ते म्हणायचं. दार उघडलं, साखळीएवढंच. फटीतून एक हात आला.

"वितळलंय हे."

मी हेल्मेटचा पट्टा ओढला. तो अडकला होता.

"लिफ्ट—" मी आतून म्हणालो.

"लिफ्ट रहिवाशांसाठी असते. ओटीपी घे आणि फूट."

मी नंबर टिपला, कारण मदतवाहिनी त्याच्यावर अवलंबून होती. मग दोन्ही हातांनी पट्टा ओढला. तो सुटला तेव्हा दार लागलं होतं. लिफ्टमधून सहाव्या मजल्यावरचं कुत्रं उतरलं, साखळीसह. त्याने माझ्याकडे बघितलं, वास घेतला आणि ओळखल्यासारखी शेपटी हलवली. त्या दिवसात तेवढंच.

लगेच फोनवर माझी गुणपत्रिका आली. पाचातला एक तारा. 'उशीर. कळकट. उलट बोलतो.' कारखान्यात माझ्या गोपनीय अहवालात नेहमी 'समाधानकारक' असायचं. उलट मी कधीच कुणाला बोललो नव्हतो. आणि आज तर एकच शब्द बोललो होतो, तोही अर्धा.

जिन्यातच बसून मदतवाहिनीला फोन लावला. खरी बाई बोलली. मी रायडरबाईंची सगळी हकिगत सांगितली, चाक, जिना, फिनेल, सगळी. तिने मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "सर, त्या पार्टनर तुम्ही आहात का?"

"नाही."

"मग मला फक्त तुमच्या खात्याविषयी बोलता येतं. तुमच्या खात्यावर एक तक्रार आहे. गैरवर्तनाची. आयडी थांबवला जातोय."

"अहो, पण ऐका—" फोन बंद झाला. अ‍ॅपही. हिरव्या जॅकेटमधला मी आता रायडर नव्हतो, आणि तरीही मी जिन्यानेच खाली एक मजला उतरलो. ते का, ते मला आजही सांगता येत नाही.

बायकोने दार उघडलं. तिने मला नखशिखांत बघितलं, आणि हसेल असं वाटलं होतं ती हसली नाही. टॉवेल दिला, सगळी हकिगत ऐकली आणि विचारलं, "दारापर्यंत गेलात, तर सेक्रेटरींना सांगितलंत का, की जॅकेटात तुम्ही आहात?"

"सांगणारच होतो. पट्टा अडकला."

ती चप्पल घालून रायडरबाईंकडे गेली. मीही मागे गेलो, कारण घरी एकटा बसलो असतो तर ती 'कळकट' अक्षरं पुन्हा वाचली असती.

रायडरबाईंनी आमचं ऐकलं. तोंडावर हात ठेवून थोडं हसल्याही, ते मी मनावर घेतलं नाही. मग उशीला टेकून बसल्या आणि फोन उचलला. आमच्या इमारतीसमोरच्या झाडाखाली रायडर उभे असतात, त्या सगळ्यांचा एक ग्रुप होता. बाई बोलत होत्या आणि आम्ही ऐकत होतो. "त्या इमारतीत आता वर कुणी जायचं नाही. फाटकाशी थांबायचं, फोन करायचा, खाली या म्हणायचं."

पलीकडून कुणीतरी म्हणालं, "ताई, आयडी जाईल."

"माझा गेलाच आहे. त्या काकांचा तर एका ऑर्डरमध्ये गेला. एकेकटे गेलो तर एकेक जाईल. सगळ्यांनी केलं तर किती जणांचा बंद करतील? मग ऑर्डर कोण नेणार, काचेतले साहेब?"

मग एकाने 'हो' म्हटलं, आणि मागून बाकीचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या इमारतीत जो हलकल्लोळ झाला तसा मी लिफ्ट बंद पडली तेव्हाही बघितला नव्हता. खाली फाटकाशी रायडर उभे, नम्रपणे. वर रहिवासी गॅलरीत उभे, हातवारे करत. "खाली या." "वर ये." "खाली या." काही ऑर्डरी परत गेल्या, काही रद्द झाल्या. आणि एका इमारतीतून इतक्या ऑर्डरी रद्द होतायत म्हटल्यावर कंपनीच्या यंत्राने, जे माणूस नसल्यामुळे कुणाची भीड धरत नाही, आमची अख्खी इमारत करड्या रंगाने रंगवून टाकली: 'या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही.'

पाय मोडल्याने जे झालं नव्हतं ते त्या करड्या रंगाने झालं. तातडीची सभा बोलावली गेली. सेक्रेटरी पांढरे पडले होते. "आपण नकाशावरून गेलो," ते म्हणाले. "समोरच्या इमारतीत मिळतं, आपल्याकडे नाही. उद्या फ्लॅट विकायला काढले तर भाव काय येईल?" माणुसकीच्या प्रश्नावर इतकी हजेरी मी त्या हॉलमध्ये कधी पाहिली नव्हती. न्यायमूर्तींनी उठून, आपण पहिल्यापासून नुकसानभरपाईच्या बाजूचे होतो, हे नोंदवून घ्यायला लावलं. बाईंच्या दवाखान्याचं बिल सोसायटीने द्यावं असं एकमताने ठरलं. चूक कबूल केल्यासारखं दिसू नये म्हणून तो खर्च 'जिन्याची दुरुस्ती' या सदरात टाकण्यात आला. पाटी काढावी, हेही ठरलं. मी आइस्क्रीमचा विषय काढणार होतो, पण बायकोने माझ्या बाहीला धरून मला खाली बसवलं.

कंपनीचा आनंद विभागाचा साहेबही आला, कारण आमची इमारत खाण्यापिण्याच्या बाबतीत फार मोलाची आहे असं त्याच्या आकड्यांत दिसत होतं. त्याने इमारत पुन्हा नकाशावर आणली आणि बाईंचा आयडी चालू केला. फोनवर संदेश आला: 'पुन्हा स्वागत! तुमची आठवण येत होती.' विम्याचं मात्र अजून विचाराधीन आहे. घरी बसून गेलेल्या दिवसांचं कुणीच काही बोललं नाही. त्याची श्रेणी नसावी. माझा आयडी बंद आहे तो आहेच, उलट बोलतो या कारणावरून.

प्लास्टर निघालं आणि बाई पुन्हा स्कूटरवर दिसू लागल्या, किंचित लंगडत. लिफ्ट आता त्यांना मोकळी होती. पण रायडरांचं ठरलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना ते वर नेऊन देतात, ज्यांना खरंच उतरता येत नाही त्यांनाही देतात. बाकीच्यांनी खाली यायचं. "लिफ्ट दिलीत, बरं केलंत," बाई मला म्हणाल्या. "पण वर-खाली करण्याचा वेळ कंपनी कुठे धरते, काका?"

मग आमचे रहिवासी खाली फाटकाशी उभे राहू लागले. हातात फोन, नजर रस्त्यावर. ऊन लागतं, गुडघे दुखतात, उभं तरी किती राहायचं, या तक्रारी सुरू झाल्या. पुढच्या सभेत फाटकाशी बाक आणि वर पत्र्याचं छप्पर घालण्याचा ठराव चहा येण्याआधी मंजूर झाला. बाक यायच्या आधी पाटी आली: 'बाक फक्त रहिवाशांसाठी. हुकमावरून.'

परवा मी फिरून येत होतो. बाकावर रायडरबाई बसल्या होत्या, उजवा पाय लांब सोडून, मांडीवर एक पार्सल. वॉचमन शेजारी अवघडून उभा होता.

"ताई, पाटी आहे," तो म्हणत होता.

"वाचली. ऑर्डर सहाव्या मजल्याची आहे. त्यांना म्हणावं, खाली या आणि उठवा."

सेक्रेटरी खाली आले. त्यांनी बाईंकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. झाडाखालचे रायडरही इकडेच बघत होते. बोलावं की नकाशावर राहावं, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मी बाईंच्या शेजारी जाऊन बसलो. कंबर टेकल्यावर बरं वाटलं.

"ओटीपी सांगा," बाई म्हणाल्या.

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला आणि उभ्या उभ्या, एकेक आकडा करत, सांगायला सुरुवात केली.